पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी की गोल? पोरीच्या चार्टवरून घरात दोन पार्ट्या पडल्यात

रावेरचा_केळीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरीचा आहे, टाइप मी करतोय, त्यामुळे चुकलंमाकलं माझं. पोरगी नववीला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने सूर्यमालेचा चार्ट केला, पृथ्वीची कक्षा कंपासने गोल काढली आणि सूर्य जरा बाजूला ठेवला, बरोबर मधोमध नाही. तपासायला जे सर आले होते (नाव नको, माणूस चांगला आहे) ते म्हणाले कक्षा लंबवर्तुळाकार असते, हे काय गोल काढलंस, आणि वर सूर्यपण मधे नाही, कंपासचं भोक एकीकडे अन् सूर्य एकीकडे, म्हणजे डबल चूक. मार्क कापले. पोरगी घरी आली ती तोंड पाडूनच.

आता घरात दोन पार्ट्या. माझे शालक डिप्लोमावाले, ते म्हणतात सर बरोबर आहेत, पुस्तकात चक्क अंड्यासारखी कक्षा दिलीय. पोरगी म्हणते मी आकडे बघून काढलंय. मी आपला शेतकरी डोक्याने विचार केला की कक्षा अंड्यासारखी असेल तर सूर्य कधी जवळ कधी लांब होणार, जवळ आला की उन्हाळा, लांब गेला की हिवाळा, म्हणजे मे महिन्यात आपण सूर्याच्या पार कुशीत असणार, आपल्याकडचा मे बघितलाय ना तुम्ही. तर पोरीने मोबाईलच पुढे केला, म्हणे पप्पा यंदा 3 जानेवारीला सूर्य वर्षातला सगळ्यात जवळ होता. आता 3 जानेवारीच्या रात्री मी गव्हाला पाणी भरत होतो, लाईट बारानंतरची, पायातल्या बुटात पाणी, बोटं वाकत नव्हती, इकडे केळीवर चरका पडायला लागलेला, आणि हे म्हणे सूर्य जवळ!

तर खरं काय ते कोणीतरी नीट सांगा. सरांशी भांडायचं नाहीये, पोरीला समजलं पाहिजे एवढंच.

भुसावळ_जंक्शन

सूर्य जवळ आला म्हणून नाही भो, भुसावळच जवळ आलं म्हणून गरम होतं 😀 बाकी मला पण अंड्यासारखीच माहिती होती. वाचतोय.

अमळनेरचा_मास्तर

भाऊ, तुमनी पोर खरी शे. मी गणित शिकवून रिटायर झालोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिलं म्हणजे "अंड्यासारखी" हा शब्दच टाकून द्या. अंड्याचं एक टोक निमुळतं आणि एक बोथट असतं, लंबवर्तुळाची दोन्ही टोकं सारखी. दुसरं, सर बोलले ते वाक्य खोटं नाही, कक्षा लंबवर्तुळच आहे, पण किती लंब हे कोणी विचारतच नाही आणि सगळी गडबड तिथेच आहे. हे मोजायला उत्केंद्रता म्हणून एक आकडा असतो, पूर्ण गोल असेल तर शून्य, आणि एकच्या जेवढं जवळ जावं तेवढी कक्षा लांबुळकी. पृथ्वीची उत्केंद्रता आहे 0.0167.

आता हा आकडा पोरीच्या चार्टवर आणू. समजा कक्षा 30 सेंटिमीटर लांब काढली. तर तिची रुंदी किती कमी भरेल? 0.04 मिलिमीटर. मिलिमीटर लिहिलंय, सेंटिमीटर नाही. पेन्सिलची रेघ यापेक्षा कितीतरी जाड असते. म्हणजे पृथ्वीची कक्षा अगदी बरोब्बर काढायची म्हटलं तरी हातात कंपासच घ्यावा लागेल, दुसऱ्या कशानेही काढली तर चूक वाढेल!

पण, आणि ही गंमत मी तीस वर्षं पोरांना सांगत आलोय, सूर्य मात्र मधोमध नसतो. त्याच 30 सेंटिमीटरच्या चार्टवर तो मध्यापासून अडीच मिलिमीटर बाजूला पडतो. अडीच मिलिमीटर डोळ्याला दिसतात, 0.04 दिसत नाहीत. म्हणजे वर्तुळ कंपासने, आणि सूर्य भोकापासून थोडा सरकवून. तुम्ही लिहिलंय तेच तिने केलंय. जिला डबल चूक म्हणाले ते डबल बरोबर आहे.

उत्केंद्रता शब्द फोडून बघा, केंद्र सोडून गेलेलं. त्यात चपटेपणाचा उल्लेखच नाही. पूर्वी खळ्यावर मेढ रोवून बैलांची पात फिरवायचो, तशी समजा मेढ खळ्याच्या मधात न रोवता दोन हात सरकवून रोवली, खळं गोलच राहणार, पण बैल एका बाजूने मेढीच्या जवळून जाणार आणि दुसऱ्या बाजूने लांबून. (खरे बैल दोरीने बांधलेले असतात त्यामुळे ते असं फिरणार नाहीत, उदाहरण जास्त ताणू नका.)

शालक_नाही_मी

सर मग पुस्तकात एवढी चपटी का काढतात? सगळ्या पुस्तकात तशीच आहे, सगळे चुकले का?

अमळनेरचा_मास्तर

चुकले नाहीत, तिरप्या नजरेने काढतात. पाटावर बसून समोरच्या माणसाच्या ताटाकडे बघा, ताट लांबट दिसतं की नाही. उभं राहून वरून बघितलं की गोल. पुस्तकवाल्याला सगळे ग्रह एका पानात बसवायचे असतात म्हणून तो बाजूने बघितल्यासारखं चित्र काढतो, आणि आपण समजतो ताटच लांबट आहे. चित्राखाली एक ओळ लिहिली असती तर निम्मे वाद मिटले असते, पण नाही लिहीत.

धुळ्याची_भूगोलवाली

थंडीचं मी सांगते दादा. तुमच्या पोरीने दाखवलेली तारीख बरोबर आहे. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून साधारण 14 कोटी 71 लाख किमीवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाखांवर. पहिल्याला उपसूर्य म्हणतात, दुसऱ्याला अपसूर्य. फरक 50 लाख किमीचा, ऐकायला खूप वाटतो पण टक्क्यात बघितला तर तीन सव्वातीन टक्के. त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा जवळपास 7 टक्के जास्त ऊन मिळतं, हे खरंच मिळतं, पण आपल्या वाट्याला ते तिरपं येतं.

पृथ्वीचा आस 23.4 अंश कललेला आहे. जळगाव 21 अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी बाराला सुद्धा सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून 45-46 अंशच वर चढतो आणि दिवसही छोटा, आणि मे च्या शेवटच्या आठवड्यात तोच बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली गायब होते, मग कळतं खान्देश काय चीज आहे. तिरपेपणाचा हा फरक इतका मोठा आहे की त्यापुढे 7 टक्क्यांना कोणी विचारत नाही. आणि जवळ-लांबमुळेच ऋतू होत असते तर जानेवारीत सगळ्या पृथ्वीवर एकदमच उन्हाळा झाला पाहिजे ना, ऑस्ट्रेलियात तेव्हा उन्हाळा असतो आणि आपल्याकडे हिवाळा, मी वर्गात एवढं एकच विचारते आणि पोरं स्वतःच गप्प होतात.

मंगळावर मात्र तुमचं डोकं थोडंफार चालेल दादा. त्याची उत्केंद्रता 0.093 आहे, पृथ्वीच्या साडेपाच पट. जवळ असताना त्याला लांबच्यापेक्षा 45 टक्के जास्त ऊन मिळतं. तेव्हा त्याच्या दक्षिण भागात उन्हाळा असतो आणि धुळीची मोठी वादळं बहुतेक त्याच सुमाराला उठतात. 2018 मध्ये अख्खा ग्रह धुळीने झाकला होता, ऑपॉर्च्युनिटी नावाची गाडी सोलर पॅनेलवर चालायची ती त्यात बंद पडली ती कायमचीच.

भुसावळ_जंक्शन

म्हणजे धूळ मंगळावर पण आणि हायवेवर पण. ताई, मग खरोखर लांबुळकी कक्षा कोणाचीच नाही का? का नुसताच शब्द केलाय?

तोरणमाळ_रात्र

आहे ना, भरपूर आहेत, पण मोठ्या ग्रहांत शोधू नका.

मास्तरांच्याच 30 सेंटिमीटरच्या कागदावर सांगतो. बुध हा आठ ग्रहांतला सगळ्यात बिघडलेला, उत्केंद्रता 0.206. त्याची कक्षा फक्त 6 मिलिमीटरने चपटी होईल, पण सूर्य मध्यापासून तीन सेंटिमीटर सरकेल. सूर्यापासून 4 कोटी 60 लाख किमी ते 6 कोटी 98 लाख किमी इतकं त्याचं जवळ-लांब चालतं. जवळ असताना तो इतका जोरात पळतो की बुधावर काही ठिकाणी उभं राहिलं तर सूर्य उगवतो, थांबतो, परत मागे बुडतो आणि मग पुन्हा उगवतो. प्लुटो पण असाच, उत्केंद्रता 0.25 च्या आसपास, 1979 ते 1999 अशी वीस वर्षं तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. टक्कर कशी होत नाही असं विचारतात लोक, तर नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लुटोच्या बरोबर दोन होतात, असं टाइमटेबल बसलंय की दोघं त्या जागी एकाच वेळी येतच नाहीत. भुसावळवाल्यांना क्रॉसिंग समजवायला नको.

पण खरी लांबुळकी बघायची तर हॅलेचा धूमकेतू. उत्केंद्रता 0.967. त्याची कक्षा 30 सेंटिमीटर लांब काढली तर रुंदी भरते जेमतेम साडेसात सेंटिमीटर, आणि सूर्य एका टोकापासून फक्त 5 मिलिमीटरवर. हे आता कंपासने नाही काढता येणार. अंतर डोळ्यासमोर आणायचं असेल तर सूर्य जळगाव स्टेशनवर ठेवा आणि पृथ्वी त्याच्यापासून एक किलोमीटरवर फिरतेय असं धरा. हॅले एकदा स्टेशनपासून 600 मीटरवर येऊन वळसा मारतो आणि मग निघतो तो भुसावळ ओलांडून आणखी दहा किलोमीटर पुढे, म्हणजे एकूण 35 किलोमीटर जातो. एका फेरीला साधारण 76 वर्षं. स्टेशनजवळ त्याचा स्पीड सेकंदाला 54 किमी असतो आणि त्या लांबच्या टोकाला एक किमी सुद्धा नाही, म्हणून बहुतेक सगळं आयुष्य तो तिकडे अंधारातच रखडत काढतो. 1986 ला येऊन गेला, डिसेंबर 2023 मध्ये सगळ्यात लांबच्या टोकाला पोचला आणि आता परत निघालाय. 2061 च्या जुलैमध्ये येईल, तुमची पोरगी तेव्हा पन्नाशीची, तिला बघता येईल. आपलं काही खरं नाही.

आणि सेडना, प्लुटोच्याही पलीकडचा एक छोटा गोळा. 2003 साली सापडला. तो कधी स्टेशनपासून 76 किलोमीटरच्या आत येतच नाही, आणि लांब जातो तो सरळ रेषेत दिल्लीच्याही पलीकडे. एक फेरी सुमारे 11 हजार वर्षांची. 2076 च्या सुमाराला त्याचा जवळचा टप्पा आहे म्हणून आपल्याला सापडला तरी.

शालक_नाही_मी

आणि एकच्या वर गेली उत्केंद्रता तर?

तोरणमाळ_रात्र

मग ती कक्षाच राहत नाही, पाहुणा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो, परत नाही. सूर्यमालेच्या बाहेरून आलेले असे तीन सापडलेत आतापर्यंत. 2017 मध्ये ओमुआमुआ, उत्केंद्रता 1.2. 2019 मध्ये बोरिसोव, 3.36. आणि जुलै 2025 मध्ये सापडलेला थ्री-आय ऍटलस, त्याची तर 6 च्या वर, जवळजवळ सरळ रेषेतच गेला म्हणा. तेव्हा व्हॉट्सॅपवर त्याला एलियनचं यान करून सगळ्यांनी फिरवलं, ते सोडून द्या, धूमकेतूच आहे तो.

चाळीसगावकर

सगळे हॅलेवर बोलतायत आणि आपल्या दारातलं कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. पाटणादेवीला गेलात का कधी? चाळीसगावपासून जवळच. तिथे पाटणला एक शिलालेख सापडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, त्याने तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला जमीन आणि उत्पन्न लावून दिल्याची नोंद त्यात आहे. साल शके 1128, म्हणजे इसवी सन 1207 च्या आसपास. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या खान्देशात बसून पोरं सिद्धांतशिरोमणी शिकायची, आणि त्यात काय होतं? मास्तरांनी वर लिहिलं जवळजवळ तेच. वर्तुळ गोलच, पण त्याचं केंद्र सरकवलेलं. त्या सरकलेल्या वर्तुळाला प्रतिवृत्त म्हणायचे. ज्या टोकाला सूर्य लांब आणि म्हणून हळू, ते मंदोच्च. त्यामुळे सूर्याच्या जागेत जी दुरुस्ती करायची ते मंदफल. अर्थात ते पृथ्वीला स्थिर धरायचे आणि सूर्याला फिरवायचे, पण हिशोब लागतो तो लागतोच.

आणि हे सगळं अजून आपल्या पंचांगात जिवंत आहे. सूर्य धनू राशीत 16 डिसेंबरला जातो आणि 14 जानेवारीला संक्रांत, बोटावर मोजा, 29 दिवस. तोच मिथुन राशीत 15 जूनला जातो आणि 16 जुलैला बाहेर, 31 दिवस. राशी सारख्याच 30 अंशाच्या, मग दोन दिवस कुठे गेले? तर जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ म्हणून जोरात पळते. चांद्रमहिना साडेएकोणतीस दिवसांचा. तो 31 दिवसांच्या सौरमहिन्यात आरामात बसतो, त्यात संक्रांतच (म्हणजे सूर्याचं रास बदलणं) पडत नाही आणि अधिकमास होतो. 29 दिवसांच्यात बसणं मुश्किल, म्हणून पौष-माघात अधिकमास जवळपास ऐकायला मिळत नाही, उलट तिकडेच क्षयमास येतो, म्हणजे एक महिनाच गळतो, 1963-64 ला आला होता आणि मग 1982-83 ला. 2018 ला अधिक ज्येष्ठ होता, 2020 ला अधिक आश्विन, 2023 ला अधिक श्रावण, 2026 ला 17 मेपासून परत अधिक ज्येष्ठ. बघा सगळे वर्षाच्या इकडच्याच भागात. जावयाला अनारसे द्यायचे ते पृथ्वीच्या कक्षेमुळे उन्हाळ्या-पावसाळ्यातच द्यावे लागतात, थंडीत देता आले असते तर टिकले तरी असते.

धुळ्याची_भूगोलवाली

अनारसे 😀 पण पॉइंट जबरदस्त आहे. हे कॅलेंडरवरूनही मोजता येतं, 20 मार्च ते 23 सप्टेंबर सुमारे 186 दिवस आणि तिथून परत 20 मार्चपर्यंत सुमारे 179. उन्हाळ्याची बाजू आठवडाभर मोठी. तरी म्हटलं संपत का नाही.

अमळनेरचा_मास्तर

चाळीसगावकर, छान लिहिलंत. एक बारीक गोष्ट जोडतो, भांडण म्हणून नाही. सरकवलेल्या वर्तुळावर सूर्य सारख्याच गतीने चालतो असं धरलं तर केंद्र साधारण दुप्पट सरकवावं लागतं, कारण जवळ-लांब असणं आणि खरंच हळू-जोरात चालणं ही दोन्ही कामं त्या एका सरकवण्याकडून करून घ्यायची असतात. सूर्यासाठी ते छान चालून जातं. मंगळाने मात्र सगळ्यांचा घाम काढला. केप्लर नावाच्या खगोलशास्त्रज्ञानेही आधी मंगळाला सरकलेल्या वर्तुळावरच बसवून बघितलं, टायको ब्राहे या आकाश-निरीक्षकाच्या नोंदींशी फक्त 8 कलांचा फरक पडत होता, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, पौर्णिमेचा चंद्र दिसतो त्याच्या चौथ्या हिश्शाइतका. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता जाऊ द्या. याने ते वर्तुळच टाकून दिलं आणि 1609 मध्ये लंबवर्तुळ छापलं. चार्टवर मंगळाचा चपटेपणा किती, तर सव्वा मिलिमीटर. त्या सव्वा मिलिमीटरसाठी माणसाने अनेक वर्षं आकडेमोड केली, आणि आमची पोरं म्हणतात सर दशांश चिन्हानंतरचं सोडून देऊ का.

केळीवाले भाऊ, पोरीला आता दोऱ्याने काढायला सांगा. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या, दोऱ्याचा बंद फास, आत पेन्सिल ताणून फिरवायची. पृथ्वीसाठी टाचण्यांत 5 मिलिमीटर अंतर आणि फास एकूण साडेतीस सेंटिमीटरचा. हॅलेसाठी टाचण्यांत 29 सेंटिमीटर, फास 59 चा. दोन्ही चार्ट शेजारी शेजारी लावा आणि सरांना प्रेमाने दाखवा. वाद घालू नका, पट्टी हातात द्या, मोजू द्या.

रावेरचा_केळीवाला

मंडळी आभार. काल रात्री लाईट नव्हती तर घरातच बसून केलं. थर्माकोलवर टाचण्या लावल्या, पण शिवायचा दोरा ताणला की लांब होतो, दोन वेळा बिघडलं, मग शालकांनीच पतंगाचा मांजा आणून दिला (तेच शालक, आता पार्टी बदललीय त्यांनी). पृथ्वीची काढून झाल्यावर त्यावर कंपास फिरवून बघितला, एकच रेघ दिसते, दोन नाही. शालक पट्टी घेऊन पंधरा मिनिटं मोजत बसले, शेवटी म्हणे चला जेवायला.

हॅलेची काढली तर लांबलचक काकडीसारखी आली. पोरगी विचारते एका टाचणीवर सूर्य, मग दुसऱ्या टाचणीवर काय असतं? मला सांगता येईना.

अमळनेरचा_मास्तर

काही नाही. मोकळी जागा. पृथ्वीच्या चार्टवर तर ती दुसरी टाचणी खऱ्या मापाने सूर्यापासून 50 लाख किमीवर येते, तिथे काही नाही. सगळी ओढ एकट्या सूर्याची, दुसरी टाचणी फक्त आपल्या चित्रापुरती. पोरीला सांग, हा प्रश्न माझ्या वर्गात फार थोड्या पोरांनी विचारला.

तोरणमाळ_रात्र

आणि दादा, पुढच्या डिसेंबरला 13-14 तारखेच्या रात्री पाणी भरायला जाल तेव्हा पोरीला सोबत न्या, अंगावर घोंगडं द्या. मिथुन राशीकडून तारे तुटतात, तासाला डझनावारी. तो सगळा कचरा फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा, उत्केंद्रता 0.89, बुधाच्याही आत शिरून सूर्याला वळसा मारून येतो. बॅटरी बंद ठेवा म्हणजे दिसतील.

रावेरचा_केळीवाला

बॅटरी बंद ठेवली तर बांधावर साप दिसायचा नाही भाऊ. बघू, गच्चीवरून बघू.